कपाट उघडून न्यावं की अख्खं?

नमस्कार काका,

पुढच्या महिन्यात, म्हणजे ऐन जुलैत, आम्ही कोथरूडहून ठाण्याला घोडबंदर रोडला राहायला जातोय. इथे तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही. तिथे चौदावा मजला, लिफ्ट आहे. बाकी सामानाचं काही नाही, धास्ती आहे ती तीन वस्तूंची. एक, नवी मुंबईच्या आयकियातून घेतलेलं तीन दारांचं कपाट. उंची २३६ सेंटिमीटर, एका दाराला पूर्ण आरसा. दोन, हायड्रॉलिकचा डबल बेड. तीन, सहा ड्रॉवरचं चेस्ट. तिन्ही वस्तू पेटीतून आलेल्या, घरी येऊन माणसांनी जोडून दिलेल्या.

आता घरात तीन मतं आहेत. पॅकर्सवाला म्हणतो, "अख्खं नेतो मॅडम, टेन्शन घेऊ नका." सासरे म्हणतात, हे भुशाचं फर्निचर, एकदा खोललं की संपलं, परत धड बसत नाही. नवरा म्हणतो, सगळं खोलू आणि व्हिडिओ बघून जोडू, त्यात काय! जोडणीची पुस्तिका कधीच हरवली आहे. घरात अडीच वर्षांचा मुलगा आहे, त्याला प्रत्येक स्क्रू तोंडात घालून बघायचा असतो. मी कोणाचं ऐकू?

— तिघांच्या मध्ये अडकलेली, कोथरूड

ताई,

कपाट खोला. चेस्ट खोलू नका. बेड अर्धा खोला. तिघांनाही थोडं थोडं बरोबर ठरवलंय असं वाटेल, पण घरातली शांतता राखायला मी हे सांगत नाहीये. खरंच तसं आहे.

सासऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचा मुद्दा सगळ्यात पक्का आहे. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेली फळी. सागवानात स्क्रू दहा वेळा काढून घातला तरी धरतो, कारण तिथे रेषा असतात. इथे स्क्रूने चुऱ्यात स्वतःपुरती चाकोरी पाडलेली असते, ती एकदा विस्कटली की स्क्रू नुसता गोल फिरतो. म्हणून "खोललं की संपलं" हे अगदीच खोटं नाही. पण या फर्निचरमध्ये जोड दोन जातींचे असतात, आणि त्यांनी सगळे एकाच मापाने मोजलेत.

एक जात खोलायलाच केलेली. कपाटाच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याहून लहान, गोल, धातूची चकती दिसते ना, मध्ये स्क्रूड्रायव्हरची खाच असलेली? तिला कारागीर मिनिफिक्स म्हणतात. समोरच्या फळीतून आलेल्या पिनेचं डोकं ती चकती पकडते. अर्धा फेरा उलटा फिरवली की सोडते, सुलटा फिरवली की ओढून घट्ट करते. हा जोड नीट हाताळला तर कितीदाही उघडता येतो. दुसरी जात म्हणजे थेट बोर्डात पिळलेले स्क्रू, पाठीचे बारीक खिळे, आणि गोंद लावून ठोकलेले डॉवेल, म्हणजे लाकडाच्या गोल खुंट्या. हे एकदाच बसवायचे असतात. तेव्हा मिनिफिक्स आणि आरपार बोल्ट मोकळे करायचे आणि बोर्डातल्या स्क्रूंना हात लावायचा नाही. बिजागरीची पट्टी, ड्रॉवरचे चॅनल, कपडे टांगायच्या दांडीचे कोयंडे, हे सगळं ज्या फळीला आहे त्या फळीलाच राहू द्या आणि फळीसकट न्या. तुमच्या नवऱ्याला "सगळं खोलू" म्हणताना जो उत्साह येतोय त्याला इथे लगाम घाला.

मग पॅकर्सवाल्याचं अख्खं न्यायचं काय? त्याचा हिशेब सोपा आहे. खोलण्यात दोन माणसांचे दोन-तीन तास जातात, अख्खं न्यायला तो वेळ लागत नाही. तुमचा हिशेब वेगळा आहे. हे कपाट तुमच्या घरात आलं तेव्हा चपट्या पेट्यांतून आलं आणि आत जोडलं गेलं, म्हणजे जोडलेल्या अवस्थेत ते तुमच्या जिन्यातून कधी गेलेलंच नाही. बिनलिफ्टच्या इमारतीतल्या जिन्याला अर्ध्यावर वळण असतं, डोक्यावर वरच्या जिन्याची पोटफळी असते. पावणेआठ फुटांचं खोकं तिथे उभं मावत नाही आणि आडवं वळत नाही. मग माणसं ते तिरकं करतात, एक कोपरा पायरीवर टेकवून फिरवतात, आणि तिथेच घात होतो.

कारण असा: हे कपाट वरून खाली येणारं वजन छान पेलतं. बाजूने रेटा दिला की मात्र चौकोनाचा तिरपा चौकोन व्हायला बघतो. तो होऊ न देणारी एकच गोष्ट म्हणजे पाठीमागची तीन मिलिमीटरची पातळ फळी आणि तिचे बारीक खिळे. बाजूची एक फळी घ्या, २३६ बाय ५८ सेंटिमीटर, १८ मिलिमीटर जाड. पार्टिकल बोर्डाचं वजन घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास धरलं तर ही एक फळी सोळा किलो भरते. तुमच्या कपाटाचा एक मीटर रुंदीचा सांगाडा, दारं आणि आतल्या फळ्या सोडून, पन्नास किलोच्या घरात जातो. हे पन्नास किलो एका कोपऱ्यावर तोललं की पाठीचे खिळे उपटतात, मिनिफिक्सच्या चकत्या आपल्याच भोकाचा भुसा उकरतात, आणि मग सासरे म्हणतात तेच खरं ठरतं. फक्त ते खोलल्यामुळे होत नाही, न खोलल्यामुळे होतं.

आयकियाचे गिलिस लुंडग्रेन यांनी १९५६ मध्ये टेबल गाडीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि तिथून ही चपट्या पेटीची पद्धत पुढे आली असं सांगतात. म्हणजे मुळात प्रवासासाठीच सुट्या फळ्या केलेल्या. त्यांना त्यांच्या पद्धतीने प्रवास करू द्यावा.

आता कपाट कसं खोलायचं ते.

पुस्तिकेची काळजी करू नका. आयकियाच्या साइटवर त्या त्या वस्तूच्या पानावर जोडणीची पुस्तिका फुकट उतरवून घेता येते. कपाटाच्या आत कुठेतरी, बहुतेक वरच्या फळीच्या खालून किंवा बाजूला, आठ आकडी नंबराची चिकटपट्टी असते, तो नंबर टाका. पुस्तिकेत प्रत्येक चकती-पिनेला सहा आकडी नंबर असतो, तोही जपून ठेवा. एखादा भाग हरवला तर तोच नंबर सांगून मागता येतो. आणि अगदीच नाही मिळाला तर मिनिफिक्स फर्निचर-हार्डवेअरच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतं. जुनी चकती खिशात घालून जा, मापाची झंझट नको.

पुस्तिका शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचत जा, म्हणजे खोलायचा क्रम आपोआप हातात येतो. तरी फोटो काढाच. चकतीवरचा बाण कुठल्या दिशेला आहे, दांडीचा कोयंडा कितव्या भोकात आहे, असे जवळून. रिकाम्या कपाटाचा लांबून काढलेला एक फोटो कोणाच्याच कामाचा नसतो.

आधी कपडे, मग आतल्या सुट्या फळ्या, मग दारं. दारं काढताना बिजागरीचे पुढचे स्क्रू फिरवू नका, ते दार वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायचे असतात आणि तुमच्या दारांची रेषा त्यांनीच जुळवलेली आहे. बिजागरीच्या मागच्या टोकाला छोटी कळ असते, ती दाबली की दार सुटतं. खालपासून सुरुवात करा आणि वरची बिजागरी शेवटी. दुसऱ्या माणसाने दार दोन्ही हातांनी धरलेलं असू द्या, विशेषतः आरशाचं. प्रत्येक दाराच्या आतल्या कडेला मास्किंग टेपवर डावं, मधलं, उजवं असं लिहा. मास्किंग टेपच, खाकी नको. खाकी टेप ओढली की पांढऱ्या फळीचा पापुद्रा सोबत घेऊन येते.

दारं उतरल्यावरच भिंतीची पट्टी, म्हणजे कपाट पुढे कलंडू नये म्हणून भिंतीला बांधून ठेवणारी पट्टी, सोडवा. उलटं करू नका. दारं लटकलेली, पट्टी सुटलेली आणि कोणीतरी दार उघडलं, की सगळा भार पुढे येतो. त्या वेळी मुलाला शेजारी पाठवा. हे मी दोनदा म्हणणार नाही.

तुमचं तीन दारांचं कपाट म्हणजे बहुधा दोन सांगाडे आहेत, एक मोठा आणि एक अर्ध्या रुंदीचा, बोल्टांनी एकमेकांना बांधलेले. ते बोल्ट सोडवून आधी सांगाडे वेगळे करा. मग जमिनीवर दोन गोधड्या अंथरा आणि एकेक सांगाडा उघडी बाजू खाली करून दोघांनी मिळून झोपवा. वर बघून. पंखा बंद असू द्या, आणि पात्याच्या कक्षेबाहेर.

आता पाठ वर आली. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे घाई नको. फळीची कड नखाने उचलून ओढली तर ती खिळ्यांच्या डोक्यांभोवती फाटते. त्याऐवजी सांगाड्याची एक बाजू थोडी उचलून आत हात घाला आणि आतून, खिळ्यांच्या रांगेलगत, लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हलके टोले द्या. दोन-तीन मिलिमीटर फट पडली की चपटा स्क्रूड्रायव्हर सरकवून पुढचा खिळा, मग त्याच्या पुढचा. सगळे खिळे जमा करायचे आणि फेकून द्यायचे. जोडताना नवे वापरायचे आहेत. काही नव्या कपाटांत खिळे नसतात, पाठ खोबणीत सरकवलेली असते. मग ती नुसती वर ओढायची.

पाठ निघाली की सांगाडा खुळखुळायला लागतो. तो आता उचलू नका, आहे तिथेच चकत्या उलट्या फिरवा. स्क्रूड्रायव्हर चांगला, खाचेत भरून बसणारा घ्या, झिजलेला स्टार त्या मऊ धातूची खाच खाऊन टाकतो. चकती सुटली की फळी पिनेच्या रेषेत सरळ ओढायची. हलवून, वाकवून, बाजूला पिळून नाही. येत नसेल तर एखादी चकती पूर्ण फिरली नाहीये असं समजा आणि परत तपासा. चकत्या काढून पिशवीत टाका, नाहीतर वाटेत गळतात. पिना आणि घट्ट बसलेले डॉवेल मात्र फळीतच राहू द्या, आणि त्यांच्यावर थर्माकोलची पट्टी दाबून बसवा. पिना थर्माकोलात रुततात, शेजारच्या फळीला ओरखडे पडत नाहीत, आणि पॅकर्सच्या पोरांच्या हातालाही लागत नाहीत.

सगळ्या बारीकसारीक वस्तू झिपच्या पिशव्यांत, पिशव्या एका झाकणाच्या डब्यात, आणि डबा ट्रकमध्ये नाही, तुमच्या पर्समध्ये. त्यात स्क्रूड्रायव्हर आणि अॅलन की पण टाका. ठाण्याला पोचल्यावर हत्यारं नेमकी सगळ्यात तळाच्या खोक्यात असतात.

चेस्टचं थोडक्यात. ते बुटकं आहे, आडवं जिन्यातून उतरतं, आणि कपाटापेक्षा बऱ्यापैकी ताठ असतं. ड्रॉवर काढा, मागे पेन्सिलीने क्रमांक घाला, आणि सांगाडा तसाच न्या. मात्र उचलताना वरच्या फळीला धरून नाही. वरची फळी चकत्यांवर अडकलेली असते, सगळं वजन तिच्यावर आलं की ती हातात येते आणि खालचं खाली राहतं. तळाला हात घालून उचलायचं. फरशीवरून सरकवायचंही नाही, बाजूच्या फळीची खालची कड टवके उडवते.

बेडचं जरा वेगळं आहे. हायड्रॉलिक म्हणतो ते खरं तर गॅस भरलेले दांडे असतात, आणि ते गादीचं वजन गृहीत धरून बसवलेले असतात. गादी काढली की वरची फ्रेम जोराने वर जाते आणि खाली दाबली तर दबत नाही. कितीतरी लोक त्या वेळी फ्रेमवर बसून ती बंद करायला बघतात. करू नका. गादी काढायच्या आधी फ्रेम पूर्ण उघडी ठेवा किंवा उघडू द्या, एका माणसाने ती धरून ठेवा, शिवाय एक दणकट काठी टेकवा. पूर्ण उघडलेल्या स्थितीत दांड्यातला जोर सगळ्यात कमी असतो. तेव्हाच टोकाची क्लिप चपट्या स्क्रूड्रायव्हरने सैल करून दांडा काढा, एकेक. बारीक दांडी वर होती की खाली याचा फोटो. त्यानंतर फ्रेम नुसती झाकण असते. डोक्याकडची फळी, पायाकडची फळी आणि बाजूच्या दोन, एवढंच सुटं करा. पेटीच्या तळाच्या फळ्या ज्या स्क्रूंनी बसवल्यात त्यांना हात नको.

आता ट्रक. छोटा हत्ती स्वस्त पडतो म्हणून कोणी सुचवेल. त्याचा हौदा साधारण सात फुटांचा असतो आणि तुमची फळी पावणेआठ फुटांची. ती तिरकी ठेवतात, टोक फाळक्यावरून बाहेर काढतात, आणि जुलैत खंडाळ्याच्या पावसातून नेतात. मोठी, बंद बॉडीची गाडी मागा आणि हौद्याची आतली लांबी फोनवर विचारून घ्या. फळ्या आडव्या, एकावर एक रचून ठेवायच्या नाहीत. घाटात खड्डा आला की मधल्या फळ्या वाकतात आणि वर कोणी कुकरची पेटी ठेवली की तळची जाते. ताटाळ्यात ताटं लावतात तशा लांब कडेवर उभ्या, देखण्या बाजू समोरासमोर, मध्ये चादर किंवा पुठ्ठा, आणि सगळा गठ्ठा हौद्याच्या बाजूच्या भिंतीला दोरीने आवळलेला. दोरीखाली कडेवर पुठ्ठ्याची घडी ठेवा, नाहीतर दोरी काठ चावते. आरशाचं दारही उभंच, गठ्ठ्याच्या आणि गादीच्या मध्ये. काचेवर टेपची फुली मारतात त्याने काच फुटायची थांबत नाही, फुटली तर तुकडे विखुरत नाहीत इतकंच. तरी मारा.

पावसाबद्दल मी जास्त काळजीत आहे. ओरखडा परवडला, पाणी नाही. पार्टिकल बोर्डाच्या कडेतून पाणी आत गेलं की चुरा फुगतो आणि वाळल्यावर परत बसत नाही. फळीच्या तोंडावर पांढरा थर असतो, कडेला पट्टी असते, पण चकतीची भोकं, पिनेची भोकं आणि बहुतेकदा जमिनीला टेकणारी खालची कड उघडी असते. तेव्हा आधी चादर, मग प्लास्टिक, आणि कडेला टेप. फक्त प्लास्टिक असलं की खाली उतरवताना फाटतं. इमारतीच्या पार्किंगमध्ये गठ्ठे थेट ओल्या जमिनीवर टेकवू देऊ नका, खाली दोन लाकडी पट्ट्या किंवा पालथी घातलेली प्लास्टिकची क्रेट्स ठेवा. इतकं सांगितल्यावरही कोणीतरी टेकवेल. तुम्ही खाली उभ्या राहा, वर चहा करायला कोणालाही पाठवा.

निघायच्या आधी ठाण्याच्या घरी एक चक्कर मारा आणि टेप घेऊन जा. लिफ्टच्या आतली उंची आणि दाराची उंची मोजा. २३६ सेंटिमीटरची फळी साध्या लिफ्टमध्ये सरळ उभी राहात नाही, तिरकी मावली तर मावते. बहुतेक नव्या उंच इमारतींत एक मोठी लिफ्ट असते, सामानासाठी ती मिळेल का ते सोसायटीच्या ऑफिसात आधीच विचारा. सामान हलवायच्या वेळा ठरलेल्या असतात, काही ठिकाणी रविवारी परवानगीच नसते, आणि वॉचमन ट्रक गेटवर अडवून ठेवतो तेव्हा पॅकर्सचं वेटिंग चालू होतं.

बेडरूममध्ये तीन गोष्टी बघा. फॉल्स सीलिंग आहे का? कपाट जमिनीवर जोडून उभं करायचं तर त्याची तिरकी उंची लागते, म्हणजे २३६ उंच आणि ५८ खोल असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २४३ सेंटिमीटर. आठ फुटांवर सीलिंग असेल तर २४४. एक सेंटिमीटर उरतो, तोही गवंड्याच्या मेहरबानीवर. त्याहून खाली असेल तर उभ्यानेच जोडावं लागेल आणि तीन माणसं लागतील. दुसरं, माळा. आपल्याकडे बेडरूममध्ये सात फुटांवर काँक्रीटचा माळा काढायची पद्धत आहे, आणि कपाटाची जागा नेमकी त्याच्याचखाली असते. तिथे २३६ चं कपाट बसणारच नाही, दुसरी भिंत शोधा. तिसरं, स्कर्टिंगची टाइल. ती भिंतीपासून जवळजवळ सेंटिमीटरभर पुढे असते, म्हणून कपाट खाली टाइलला टेकतं आणि वर भिंतीपासून सुटं राहातं. त्या फटीच्या जाडीची लाकडी पट्टी वर लागेल. पट्टीचा तुकडा सुताराकडून आधीच कापून आणा.

जोडताना दोनच गोष्टींवर वेळ घालवा. पाठ ठोकायच्या आधी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजा. मोठ्या सांगाड्याचा कर्ण २५६ सेंटिमीटरच्या आसपास येईल, पण आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही सारखे हवेत. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हलका दाब देऊन सारखे करा आणि मगच खिळे, जुन्या भोकांच्या मध्ये, नव्या जागी. इथे आळस केला की दारं आयुष्यभर एकमेकांशी भांडतात. दुसरं म्हणजे समतल. आपल्या फरश्यांना उतार असतो. कपाटाखाली पुठ्ठ्याची घडी घालू नका, ती दबते आणि ओल धरते. सनमायकाचे तुकडे घाला. दार तिरकं दिसलं की लोक आधी बिजागरीचे स्क्रू फिरवायला धावतात, दोष बहुतेकदा जमिनीत असतो.

बोर्डातला एखादा स्क्रू निघालाच तर परत घालताना आधी उलटा फिरवा. एका क्षणी तो किंचित खाली पडल्यासारखा वाटतो, टक असा. तिथे जुनी चाकोरी सापडली. आता सुलटा पिळा, हाताने, ड्रिलने नाही. ड्रिल खोलायला चालतं, घट्ट करायला नाही, कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. आणि भोकच सैल झालं असेल तर फेव्हिकॉल आणि बांबूच्या काडीची चिरफाळी भरून, रात्रभर वाळवून, कड तासून मग स्क्रू. म्हणजे त्या दिवशीच कपडे लावायचा हट्ट सोडा.

पॅकर्सवाल्याशी बोलताना तीन गोष्टी लेखी घ्या: कपाट खोलणं-जोडणं भावात आहे का, खोलणारा माणूस सुतार आहे की हमालच ड्रिल घेऊन येणार, आणि विमा नक्की कशावर. तुम्ही स्वतः बांधलेल्या सामानाची भरपाई बरेचदा मिळत नाही, म्हणून फळ्या तुम्ही खोला पण गुंडाळू त्यांना द्या, आणि गुंडाळण्याआधी फोटो काढा. बिल्टीवर, म्हणजे ट्रकच्या मालाच्या पावतीवर, "कपाट १ नग" असं नको. किती फळ्या, किती दारं, आरसा वेगळा, असं लिहून घ्या. माझं विचाराल तर खोलणं-जोडणं ओळखीच्या सुताराकडून वेगळं करून घेते असं सांगून त्यांच्याकडून तेवढे पैसे कमी करून घ्यावेत.

आता मुलाचं. कपाट आणि चेस्ट दोन्ही भिंतीला बांधायची, पोचल्याच्या दिवशी, कपडे भरायच्या आधी. लहान मूल खालचे ड्रॉवर उघडून जिन्यासारखं चढतं, आणि उघडलेल्या ड्रॉवरांचा भार पुढे येऊन चेस्ट उलटतं. जून २०१६ मध्ये अमेरिकेत आयकियाने तिथली जवळपास २ कोटी ९० लाख चेस्ट आणि ड्रेसर परत बोलावली होती, मुलं दगावल्यानंतर. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे त्यावर कायदा झाला. आपल्याकडे भाड्याच्या घरात "मालक भोक पाडू देत नाही" म्हणून पट्टी पिशवीतच राहाते. मालकाला फोन करून सांगा, मुलगा लहान आहे, दोन भोकं पाडतोय, सोडताना भरून देईन. नाही म्हणणारा मालक मी अजून पाहिला नाही.

फक्त भिंत कुठली आहे ते बघून रावळप्लग घ्या, म्हणजे स्क्रू धरून ठेवायला भोकात घालतात तो प्लग. जुन्या विटेच्या भिंतीत कोणताही चालतो. नव्या इमारतींत आतल्या भिंती बरेचदा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या असतात, त्यात साधा प्लग हाताने ओढला तरी येतो. हलक्या ब्लॉकसाठी लांब नायलॉनचा प्लग मिळतो तो घ्या, आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. मायवानची, म्हणजे साच्यात भिंतींसकट ओतलेली इमारत असेल तर भिंत अख्खी काँक्रीटची, तिथे हॅमर ड्रिलशिवाय नखभरही आत जाणार नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडायचं नाही, तिथून वायरी जातात. भिंत कुठली ते ओळखायचं कसं? कोपऱ्यात, कपाटाआड झाकलं जाईल असं छोटं भोक पाडा आणि खाली पडणारी भुकटी बघा. लाल असेल तर वीट, पांढरट आणि भसाभस येत असेल तर सिपोरेक्स, करडी आणि ड्रिल कण्हत असेल तर काँक्रीट. भुकटीचा फोटो पाठवलात तर कोणता प्लग, किती मिलिमीटरचा, ते कळवतो. पत्रात चेस्टची रुंदी लिहायची राहिलीय, तीही पाठवा, त्याला एक पट्टी पुरेल की दोन ते त्यावर ठरेल.